लंडनच्या पीआर संघटनेत जाऊ का? आणि गेले तर बोलू काय?

एका वाचक मैत्रिणीचं पत्र, थोडक्यात: वय सदतीस. मध्यम आकाराच्या जनसंपर्क (पीआर) एजन्सीत अकाउंट डायरेक्टर, बरेचसे क्लायंट आरोग्यक्षेत्रातले, काम तीन भाषांत. धाकटी बहीण लंडनला असते, तिच्याकडे तीन आठवडे जायचं ठरलंय. तिथे पीआर व्यावसायिकांच्या संघटनेला भेट द्यावी असं फार मनात आहे. बॉस म्हणाले, "तिथे काय मिळणार? फोटो काढून ये फार तर." नवरा म्हणतो, सुट्टीवर जातेयस ना, मग ऑफिस कशाला बरोबर नेतेस? पण एका माजी सहकाऱ्याने अशाच भेटीचा फोटो लिंक्डइनवर टाकला आणि काही महिन्यांत त्याला मोठ्या कंपनीत नोकरी लागली. "न गेले तर मागे पडेन असं वाटतं. जायचं म्हटलं तर वाटतं, बोलावलेलं नसताना जाणं आगाऊपणाचं दिसेल. इंग्रजी लिहिते बरं, बोलताना अडखळते. आणि मुळात त्या लोकांना मी काय सांगणार? तिथलं सदस्यत्वच घेऊन टाकावं का?"

---

आधी तुमच्या बॉसच्या बाजूने थोडं बोलते, कारण ते अगदीच चुकीचं बोललेले नाहीत. नुसतं कार्यालय बघायला जाणार असाल तर खरंच हाती काही लागणार नाही. अशा संघटनांची कार्यालयं बेताचीच असतात: एखादा मजला, बैठकीच्या एक-दोन खोल्या, आणि सदस्यत्व, परीक्षा, कार्यक्रम, वर्गणी सांभाळणारे पगारी कर्मचारी. त्यातले बरेच जण स्वतः पीआर करत नाहीत. जे करतात, ज्यांना भेटावं असं तुम्हाला वाटतंय, ते दिवसभर आपापल्या नोकरीत असतात आणि समित्यांचं काम संध्याकाळी, बिनपगारी, पुष्कळदा ऑनलाइन करतात. त्यामुळे पत्ता शोधून थेट दारात उभं राहण्याचा बेत असेल तर तो सोडा. पूर्वसूचना न देता कुणी आपल्या एजन्सीत आलं तर आपण त्याला पाणी विचारतो, सोफ्यावर बसवतो आणि घड्याळाकडे बघतो. तिथेही तेच होईल.

पण "काय मिळणार" हा त्यांचा प्रश्न मला तुम्हालाच विचारावासा वाटतो, आणि जरा खोदून. पत्रात तुम्ही सहकाऱ्याच्या फोटोबद्दल चार ओळी लिहिल्यात आणि तुम्हाला तिथे काय जाणून घ्यायचंय याबद्दल एकही नाही. फोटो आधी आला, नोकरी नंतर लागली, म्हणून फोटोमुळे नोकरी लागली, हा हिशेब एखाद्या क्लायंटने मांडला असता तर तुम्हीच त्याला थांबवलं असतं. त्या सहकाऱ्याने त्या काळात आणखी काय केलं, कुणाच्या ओळखीने मुलाखत झाली, हे ना तुम्हाला माहीत ना मला. नोकरी देणारा माणूस संघटनेच्या पाटीखालचा फोटो बघून नेमणूक करत नाही. करत असेल तर तिथे नोकरी न लागलेलीच बरी.

आता तुमच्या टेबलावर येऊ. आरोग्यक्षेत्रातले क्लायंट, म्हणजे महिनाअखेरीला कव्हरेज डॉकेट, छापून आलेल्या बातम्यांचा अहवाल, जात असणार. छापून आलेल्या बातमीचे कॉलम सेंटिमीटर मोजायचे, त्याला त्या पेपरच्या जाहिरातीच्या दराने गुणायचं, आणि बातमीवर लोकांचा विश्वास जाहिरातीपेक्षा जास्त असतो म्हणून पुन्हा तिनाने गुणायचं. शेवटच्या पानावर ठळक टायपात एक गलेलठ्ठ रक्कम येते. क्लायंट खूश, बॉस खूश. ती कात्रणं वाचून किती रुग्णांनी तपासणी करून घेतली, हे मात्र त्या पानावर कुठेच नसतं. तुम्ही हे करत नसाल तर उत्तमच, पण तुमच्या ओळखीतल्या दहा एजन्सींपैकी किती जणी करतात ते आठवून बघा.

२०१० साली बार्सिलोनाच्या परिषदेत जनसंपर्काचा परिणाम मोजणाऱ्या लोकांनी सात तत्त्वं मान्य केली. त्यात स्पष्ट म्हटलंय की जाहिरातीच्या दराने काढलेली किंमत ही जनसंपर्काची किंमत नव्हे. तो पुढाकार ॲमेक या संवाद-मापनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा होता. पुढे २०१५ आणि २०२० मध्ये ही तत्त्वं सुधारून घेतली गेली. कागदावर प्रश्न मिटला. प्रत्यक्षात ती गलेलठ्ठ रक्कम मागणारे क्लायंट अजून जिवंत आहेत, लंडनमध्येही असतील. तर मग तुमचा प्रश्न असा असू शकतो: "क्लायंट ही रक्कम मागतो तेव्हा तुमचे सदस्य त्याला नक्की काय म्हणतात? पहिल्या महिन्याच्या रिपोर्टमध्ये तिच्या जागी काय ठेवतात? क्लायंट सोडून गेला असं कुणाचं झालंय का?" याचं उत्तर तत्त्वांच्या मसुद्यात सापडत नाही. ज्याने क्लायंटच्या समोर बसून ती बाचाबाची केली आहे, त्याच्याकडेच ते असतं. तेवढ्यासाठी लंडनच्या मुक्कामातली एक दुपार खर्ची घालावी, असं माझं मत आहे.

दुसरा एक प्रश्न मला स्वतःला फार दिवस खुणावतो, म्हणून जरा रेंगाळते. बहुतेक देशांत पीआर करायला परवाना लागत नाही. ब्राझीलने १९६७ च्या कायद्याने आणि नायजेरियाने १९९० मध्ये या व्यवसायाला कायद्याच्या चौकटीत आणलं, पण हे अपवाद. बाकी ठिकाणी कुणीही उद्या पाटी लावू शकतो. मग संघटनेच्या आचारसंहितेला दात कुठून येतात?

याची गाजलेली परीक्षा लंडनमध्येच झाली. बेल पॉटिंजर ही तिथली बडी पीआर कंपनी. दक्षिण आफ्रिकेत गुप्ता या उद्योजक कुटुंबाच्या ओकबे कंपनीसाठी तिने चालवलेल्या मोहिमेने वांशिक तेढ वाढवली, अशी तक्रार तिथल्या डेमोक्रॅटिक अलायन्स या विरोधी पक्षाने लंडनच्या पीआरसीए या संघटनेकडे केली. चौकशी झाली आणि ४ सप्टेंबर २०१७ ला संघटनेने कंपनीची हकालपट्टी जाहीर केली. किमान पाच वर्षं पुन्हा अर्जसुद्धा करायचा नाही. संघटनेच्या हातात ना कायदा, ना दंड, ना तुरुंग. पण क्लायंट आधीच पळायला लागले होते, त्यात हा शिक्का बसला, आणि १२ सप्टेंबरला कंपनी दिवाळखोरीच्या प्रशासकांकडे गेली.

याच्या अगदी उलट वाट अमेरिकेतल्या पीआरएसए या संघटनेने धरलेली आहे. १९४७ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेने २००० साली आपली आचारसंहिता नव्याने लिहिली, तेव्हा शिक्षेवरचा भर काढून शिकवण आणि प्रेरणा यांवर दिला. कोण बरोबर? मला वाटतं, शिक्षेची शक्यता नसेल तर संहिता भिंतीवर टांगायच्या कामाची उरते. पण शिक्षेची प्रक्रिया चालवायला पैसा, वकील आणि धीर लागतो हेही खरं. तुम्ही लंडनला जाताय, तर ज्यांनी ती प्रक्रिया राबवली त्यांना विचारता येईल: तक्रार आल्यावर पहिलं काम कोण करतं? छोट्या एजन्सीविरुद्धच्या तक्रारींचं काय होतं? त्या तर कधी बातमीत येत नाहीत.

आता कुणाला विचारायचं ते. "लंडनची संघटना" असं तुम्ही एकवचनी लिहिलंय, पण तिथे निदान दोन ठळक संस्था आहेत आणि त्यांच्या कामात फरक आहे. चार्टर्ड इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक रिलेशन्स, म्हणजे सीआयपीआर, ही व्यक्तींची संस्था. १९४८ ची स्थापना, २००५ मध्ये राजसनद मिळाली. पात्रता-परीक्षा, दरवर्षीचं व्यावसायिक शिक्षण, चार्टर्ड दर्जा हे सगळं तिच्याकडे. चार्टर्ड दर्जासाठी नीतिमत्ता, नेतृत्व आणि व्यूहरचना या तीन गोष्टींवर तुम्हाला पारखतात. पीआरसीए १९६९ मध्ये सल्लागार कंपन्यांची संघटना म्हणून सुरू झाली. २०१६ पासून तिच्या नावात पब्लिक रिलेशन्सच्या जोडीला कम्युनिकेशन्सही आलंय. एजन्सी कशी चालवावी, फी कशी ठरवावी, हे तुमच्या डोक्यात असेल तर तिकडे वळा. स्वतःच्या शिक्षणाचं असेल तर सीआयपीआर. यांखेरीज १९५५ पासूनची इप्रा ही आंतरराष्ट्रीय संघटना आहे, आणि निरनिराळ्या देशांच्या राष्ट्रीय संघटनांना जोडणारी ग्लोबल अलायन्स २००० साली उभी राहिली. या शेवटच्या संस्थेचा तुम्हाला एक सरळ उपयोग आहे. तुम्ही तुमच्या देशातल्या संघटनेच्या सदस्य असाल आणि ती अलायन्समध्ये असेल, तर तिच्या पदाधिकाऱ्यांकडून तुमची ओळख करून देणारे दोन शब्द मागून घ्या. अनोळखी मेलपेक्षा असा मेल लवकर उघडला जातो. सदस्य नसाल तर मला विचारावंसं वाटतं, का नाही? परदेशातल्या संघटनेची ओढ आणि घरच्या संघटनेची बैठक चुकवायची, असं पुष्कळांचं असतं.

आणि मुख्यालयाचा ध्यास सोडाच. सीआयपीआरचे प्रादेशिक गट आहेत, क्षेत्रवार गट आहेत: आरोग्य, शिक्षण, सार्वजनिक सेवा, संस्थेच्या आतला संवाद. परदेशातल्या सदस्यांचा गटही आहे. तुमचं काम आरोग्यातलं, म्हणजे तुमचं माणूस त्या गटाच्या समितीत बसलेलं आहे. एखाद्या संध्याकाळच्या कार्यक्रमाला सदस्य नसलेल्यांनाही थोडी जास्त फी भरून प्रवेश असतो. तुमच्या तीन आठवड्यांत असा कार्यक्रम येत असेल तर आधी त्याचं तिकीट काढा आणि मग भेटीचं विचारा. "तुमच्या अमुक तारखेच्या कार्यक्रमाला येतेच आहे, त्याआधी वीस मिनिटं भेटता येईल का" याला नाही म्हणणं जड जातं.

आगाऊपणाची तुमची भीती बिनबोलावता जाण्यापुरती रास्त आहे, विचारण्यापुरती नाही. निघायच्या चार-पाच आठवडे आधी लिहा. मेल लहान ठेवा; स्वतःच्या कारकिर्दीचं प्रेस रिलीज पाठवू नका (हे पीआरवाल्यांनाच सांगावं लागतं). साधारण असं:

*"मी आरोग्यक्षेत्रातल्या क्लायंटसाठी जनसंपर्काचं काम करते. अमुक ते अमुक तारखांना खासगी भेटीसाठी लंडनमध्ये आहे. आमच्याकडे क्लायंट अजून जाहिरातीच्या दराने कव्हरेजची किंमत मागतात. आपल्या आरोग्य गटातल्या कुणी हे बदलून दाखवलं असेल तर त्यांच्याशी वीस मिनिटं बोलायला आवडेल, प्रत्यक्ष किंवा ऑनलाइन. आमच्याकडे एकच आरोग्य-संदेश तीन भाषांत जातो तेव्हा काय अडचणी येतात, ते मी सांगू शकेन."*

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलंय. "मी काय सांगणार" असं तुम्ही लिहिलंत, तेव्हा तुम्ही स्वतःचं रोजचं काम किरकोळीत काढलंत. एकच बातमी तीन भाषांत काढायची, प्रत्येक भाषेतल्या वार्ताहराला वेगळा कोन द्यायचा, डॉक्टरांचं अवतरण तिन्हीकडे एकाच अर्थाने जाईल हे बघायचं, आणि हे सगळं संध्याकाळी पाचच्या आत. इंग्रजीतच काम करणाऱ्या माणसाला हे ऐकून खुर्ची पुढे ओढावीशी वाटेल. मोठ्या शहरांत अनेक भाषा बोलणारे रुग्ण असतात आणि त्यांच्यापर्यंत पोचणं हा तिथल्याही आरोग्यसेवेपुढचा प्रश्न आहे. बरोबर एक जुनी मोहीम न्या, क्लायंटचं नाव आणि आकडे झाकून. क्लायंटची परवानगी नसेल तर तेवढीही नको, पद्धत तोंडी सांगा.

बोलताना अडखळता म्हणता. मग प्रश्न आधीच लिहून पाठवा, म्हणजे बोलायचं ओझं समोरच्यावर जातं. तीनपेक्षा जास्त पाठवू नका. वही उघडी ठेवा. एखादं वाक्य निसटलं तर पुन्हा सांगायला सांगा. व्यवसायच संवादाचा, त्यात कुणी भुवया उंचावणार नाही. अस्खलित बोलून काहीच न विचारणारे पाहुणे मी पुष्कळ पाहिलेत.

व्हिसाचं एक लक्षात ठेवा. ब्रिटनच्या नेहमीच्या व्हिजिटर व्हिसावर बैठका आणि परिषदांना जाता येतं, नोकरी करता येत नाही. बहिणीकडे जाताय हे मुख्य कारण, भेट जमली असेल तर तीही अर्जात सरळ लिहा. निघण्यापूर्वी त्या सरकारच्या अधिकृत पानावर नियम पुन्हा वाचा, ते बदलत असतात. आणि "एखादा महिना तुमच्या ऑफिसात काम करू द्याल का, पगार नको" असलं काही गमतीतही मेलमध्ये लिहू नका. बिनपगारी कामही तिथे काम धरलं जाऊ शकतं.

लिंक्डइनकडे वळू, कारण तुमचं अर्धं मन तिथे अडकलंय हे मला दिसतंय. पोस्ट जरूर टाका. पण तुम्ही मेल करून वेळ मागितलीत, तर "निमंत्रणावरून भेट दिली" असं लिहू नका. वीस मिनिटांच्या गप्पांना "आंतरराष्ट्रीय सहकार्य" म्हणू नका. क्लायंटच्या प्रेस नोटमध्ये असली वाक्यं तुम्ही लाल पेनने खोडत असाल, तीच फूटपट्टी स्वतःला लावा. यजमानांचं नाव, फोटो, त्यांचं वाक्य, यांतलं काही वापरायचं तर आधी विचारा. लंडनमध्ये बैठक "चॅटम हाउस रूल" खाली आहे असं सुरुवातीला सांगितलं जाऊ शकतं. हा १९२७ पासूनचा नियम आहे: ऐकलेली माहिती वापरा, पण ती कुणी सांगितली आणि तिथे कोण कोण होतं हे उघड करायचं नाही. अशा बैठकीतला ग्रुप फोटो टाकलात तर पुढचं दार तुम्हीच लावून घेतलंत असं समजा. तुम्हाला काय समजलं आणि तुम्ही आपल्या रिपोर्टमध्ये काय बदललंत, ही पोस्ट दोन महिन्यांनी लिहिलीत तरी चालेल. वाचणाऱ्याला ती जास्त कामाची.

सदस्यत्वाबद्दल माझं उत्तर: जायच्या आधी नको. वर्गणी दरवर्षी भरावी लागते, नावापुढे लावायची सदस्यत्वाची अक्षरं वर्गणी चालू असेपर्यंतच, आणि सदस्य होणं वेगळं, परीक्षा किंवा चार्टर्ड दर्जा मिळवणं वेगळं. परदेशात नोकरी मिळेल या आशेने घेणार असाल तर मुळीच नको. नोकरीला कामाचा व्हिसा लागतो आणि तो कोणतीही संघटना देत नाही. पण ऑनलाइन अभ्यासक्रम करायची, वर्षभर त्यांचे कार्यक्रम रात्री जागून बघायची तयारी असेल तर परतल्यावर विचार करा, आणि एजन्सीकडून अर्धी वर्गणी मागा. जाता जाता पुरस्कारांचंही सांगते: प्रवेशिकेला फी असते, पुरस्कार-सोहळ्याच्या टेबलाला वेगळी असते. पहिल्या वर्षी त्यात पडू नका.

नवऱ्याचं म्हणणं मला पटतं, निदान अर्धं. तीन आठवड्यांत एक कार्यक्रम आणि एक भेट, याहून जास्त नको. तारखा बहिणीला आधी सांगून ठेवा, म्हणजे तिची रजा आणि तुमची मीटिंग एकाच दिवशी येणार नाही.

बॉसकडे परत जाल ते परवानगी मागायला नव्हे, कारण रजा तुमची आहे. त्यांना एवढंच विचारा: "आपल्या मंथली रिपोर्टमधलं शेवटचं पान काढून टाकायचं झालं तर क्लायंटला काय दाखवायचं, हे मी तिथे विचारून येणार आहे. तुमचा काही प्रश्न आहे का?" एखादा निघेलच. त्यांचा प्रश्न तुमच्या यादीत गेला की परतल्यावर अर्धा तास सगळ्या टीमसमोर बोलायची वेळही तेच काढून देतील.

आणि मेलला उत्तरच आलं नाही तर? दहा दिवसांनी एकदा आठवण करा, मग गटाच्या एखाद्या समिती-सदस्याला वेगळं लिहा. तरी काही नाही आलं तर कार्यक्रमाचं तिकीट हातात आहेच. तिथे चहाच्या वेळी शेजारी उभ्या असलेल्या माणसाला तोच प्रश्न विचारा. क्लायंटच्या रिपोर्टबद्दल तक्रार करायला पीआरवाला कुठल्याही देशात तयार असतो.